साखरपुड्याची हिऱ्याची अंगठी मोडायची आहे. ५२ हजार म्हणजे फसवणूक का?

प्रश्न थोडक्यात असा. २०१९ च्या अखेरीस साखरपुड्यासाठी मुंबईच्या एका दुकानातून अंगठी घेतली, बिल १ लाख २४ हजारांचं. १८ कॅरेटचं पांढरं सोनं, मधे अर्ध्या कॅरेटचा हिरा, बाजूला १६ बारीक हिरे. बिल आहे, जीआयएचा, म्हणजे हिरे तपासणाऱ्या संस्थेचा, रिपोर्टही आहे. पत्नी दवाखान्यात नोकरीला, दिवसभर हातात ग्लोव्हज, त्यामुळे अंगठी कपाटातच पडून. ती मोडून कोल्हापुरी साजासाठी सोनं घ्यायचा विचार आहे. कोल्हापुरातल्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, एका पेढीनं ५२ हजार सांगितले. दुसऱ्यानं सांगितलं, “सोन्याचे देतो, हिऱ्याचं काही धरत नाही.” राजारामपुरीतलं एक शोरूम ७८ हजार द्यायला तयार आहे, पण त्यांच्याकडचं हिऱ्याचं पेंडंट घेतलं तरच. यातला खरा भाव कुठला?

तिघांनीही भाव आपापल्या सोयीचा सांगितलाय, पण तुम्हाला लुटायला कुणी बसलेलं नाही. आधी तुमचं जुनं बिल उलगडून बघा. साधारण असं असेल: सोनं ४.०६८ ग्रॅम, त्या वेळच्या १८ कॅरेटच्या भावानं ११,६०० रुपये. घडणावळ ४,५००. मधला हिरा ९५,०००. बारीक हिरे मिळून ९,६००. त्यावर ३ टक्के जीएसटी ३,६२१. तुमच्या बिलावर आकडे थोडे मागेपुढे असतील, पण प्रमाण हेच. म्हणजे सव्वा लाखात सोनं होतं फक्त साडेअकरा हजारांचं. घडणावळ आणि जीएसटीचे आठ हजार त्याच दिवशी गेले, ते जगातला कुठलाही सराफ परत देत नाही. उरले हिरे, आणि सगळी गोची तिथंच आहे.

सोन्याचं आधी उरकून घेऊ. अंगठीचं एकूण वजन ४.२० ग्रॅम. हिऱ्याचा कॅरेट वजनाचा, सोन्याचा शुद्धतेचा. हिऱ्याचा एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, त्यामुळे तुमचे सगळे हिरे मिळून ०.६६ कॅरेट म्हणजे ०.१३ ग्रॅम. बस्स, एवढंच वजन खड्यांचं वजा व्हायला पाहिजे. “खड्याचे अर्धा ग्रॅम धरतो” असं कुणी सहज म्हणालं तर तिथंच थांबवा. १८ कॅरेटच्या आजच्या भावात तो फरक तीन-साडेतीन हजारांचा होतो, आणि तो ‘अंदाजानं’ नेहमी एकाच बाजूला झुकतो. हिशेबाला सोपं जावं म्हणून चोख सोनं ग्रॅमला १२,००० धरा. १८ कॅरेटचा ग्रॅम ९,००० चा झाला. ४.०६८ ग्रॅमचे ३६,६००. गाळताना घट येते, दुकानाचाही थोडा हिस्सा असतो, म्हणून दोन-तीन टक्के कापले तर रास्त समजा. हातात साडेपस्तीस हजार.

थांबा, हे नीट बघा. सहा वर्षांपूर्वी साडेअकरा हजारांचं असलेलं सोनं आज छत्तीस हजारांचं झालंय. पहिल्या पेढीच्या ५२ हजारांतून हे वजा केलं तर ९५ हजारांच्या हिऱ्याला आणि सोळा बारक्यांना मिळून त्यानं साडेसोळा हजार धरलेत. बावन्न हजार ऐकून तुम्हाला वाटलं की निम्म्याला निम्मे तरी येतायत. प्रत्यक्षात सोन्याच्या तेजीनं हिऱ्याचा खड्डा झाकलाय. म्हणून कुठल्याही दुकानात एकच ठोक आकडा ऐकून घेऊ नका. “सोन्याचे किती, मोठ्या हिऱ्याचे किती, बारक्यांचे किती” असं वेगळं कागदावर मांडून मागा. हे विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडून उठावं.

मग हिऱ्याला साडेसोळा हजार कमी आहेत का? माझ्या मते हो, कमी आहेत. पण का कमी सांगितले हे समजून घ्या, म्हणजे वाढवून कुठं मिळतील तेही कळेल.

कोल्हापुरात सोन्याला कधीही गिऱ्हाईक आहे. गुजरीत सकाळी शटर वर गेल्यापासून मोड घेऊन येणारे आणि ती घेणारे दोन्ही असतात. सोनं संध्याकाळपर्यंत गाळून पुन्हा पाटल्यात फिरतं. हिऱ्याचं तसं होत नाही. इथं तुमचा अर्ध्या कॅरेटचा खडा घेतलेला सराफ तो विकणार कुणाला? नवी अंगठी घेणाऱ्याला नवा, डबीतला, ताज्या रिपोर्टचा हिरा पाहिजे असतो. त्यातून आपल्याकडे हिरा ‘लाभतो का’ हे बघायची पद्धत आहे. चार रात्री उशाखाली ठेवून, स्वप्नं कशी पडली ते पाहून मग पैसे देणारी माणसं आजही येतात. दुसऱ्याच्या बोटातला, त्यातही मोडलेल्या लग्नातला असेल तर विचारूच नका. माझा स्वतःचा यावर विश्वास नाही, पण गिऱ्हाइकाचा असला की त्याचा भावावर परिणाम होतोच. तेव्हा इथला सराफ तुमचा खडा घेऊन शेवटी तो मुंबईला किंवा सुरतेला दलालाकडे पाठवणार, आणि दलाल देईल त्याच्या खाली आपलं मार्जिन ठेवून तुम्हाला सांगणार. दुसऱ्या पेढीचा “हिऱ्याचं काही धरत नाही” हा त्याच गोष्टीचा आळशी प्रकार. त्याला ती उस्तवार नकोय. पण खडा तुम्हाला काढून परत देतो का, हे त्याला विचारलंत का? ‘धरत नाही’ म्हणून ठेवूनही घ्यायचा, हे चालणार नाही.

घाऊक बाजारात हिऱ्याचा भाव रॅपापोर्टच्या यादीवरून बोलला जातो. १९७८ पासून ही यादी निघते. वजन, रंग, शुद्धता यांच्या चौकटीत डॉलरमध्ये आकडा असतो आणि व्यवहार त्याच्या अमुक टक्के खाली होतो. गिऱ्हाइकानं दुकानात दिलेला भाव त्या व्यवहारापेक्षा कितीतरी वर असतो, कारण त्यात दुकानाचं भाडं, जाहिरात, वर्षभर पडून राहिलेल्या मालाचं व्याज सगळं असतं. तुम्ही विकायला जाता तेव्हा मात्र त्या घाऊक भावाच्याही खाली उभे असता. ही घसरण पहिल्या दिवशीच होते. दुकानाच्या पायऱ्या उतरल्यावर पुन्हा चढून गेलात तरी तीच. शिवाय २०२२ नंतर खाणीतल्या हिऱ्यांचे भावही उतरलेत. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यांनी अर्धा-पाऊण कॅरेटच्या अंगठ्यांचं गिऱ्हाईक ओढून नेलं.

तरीही जीआयएचा रिपोर्ट असलेला, रंग आणि शुद्धता चांगली असलेला अर्ध्या कॅरेटचा गोल हिरा म्हणजे विकायला सोपा माल. तुमच्या जागी मी ३५ ते ४५ हजारांसाठी प्रयत्न केला असता. त्याच्या वर कुणी रोख देईल असं वाटत नाही. ३० सेंटच्या (सेंट म्हणजे कॅरेटचा शंभरावा भाग) खालचा असता तर विकायच्या भानगडीत पडू नका असंच सांगितलं असतं. आणि ते १६ बारके? त्यांना जवळजवळ काही नाही. ते काढायला कारागिराची जी मजुरी लागते त्यातच त्यांची किंमत संपते.

आता काय करायचं ते सांगतो.

पहिली गोष्ट, मुंबईच्या ज्या दुकानातून घेतली त्यांना बिल नंबर सांगून फोन करा. बिलाच्या मागं बारीक अक्षरात परत घेण्याच्या अटी छापलेल्या असतात, त्या आधी भिंग लावून वाचा. बऱ्याच मोठ्या दुकानांत बदलून घेतलं तर हिऱ्याचे जास्त टक्के आणि रोख पाहिजे तर कमी, अशी रीत असते. टक्के कशाचे, हा प्रश्न तुम्ही विचारायचा: बिलातल्या किमतीचे की आजच्या दुकानभावाचे? भाव उतरलेत, त्यामुळे ‘आजचा भाव’ तुमच्या फायद्याचा नाही. पण तरीसुद्धा विकलेला माल परत घेणारं दुकान कोल्हापूरच्या कुठल्याही पेढीपेक्षा हिऱ्याला जास्त देईल, कारण तो खडा त्यांना ओळखीचा आहे आणि त्यांच्याकडे पुन्हा अंगठीत बसवून विकायची सोय आहे. तिथं रोख मिळत नसेल, बदलूनच घ्यायचं असेल, तर साजाऐवजी सोन्याचं नाणं किंवा बिनखड्याचं वळं मिळतं का विचारा. काही दुकानं हिऱ्याच्या बदल्यात सोनं देत नाहीत. देत असतील तर तुमचं काम झालं.

तिथं जमलं नाही तर दुसरा मार्ग जांगडचा. एखाद्या भरवशाच्या सराफाकडे हिरा विकत न देता विक्रीसाठी ठेवायला द्यायचा. तो मुंबईला दलालाकडे पाठवतो, विकला गेला की आपली दलाली कापून पैसे देतो. हा व्यवहार या धंद्यात रोजचा आहे, पण तोंडी करू नका. चिठ्ठीवर जीआयएचा रिपोर्ट नंबर, सेंटपर्यंत वजन, रंग, शुद्धता, कमीत कमी किती आले तर विकायचा तो आकडा, आणि किती दिवसांत पैसे किंवा खडा परत, हे सगळं पाहिजे. मूळ रिपोर्ट व्यवहार होईपर्यंत देऊ नका, झेरॉक्स पुरते. नंबर जीआयएच्या साइटवर टाकून कुणालाही तपासता येतो. मी स्वतः मुंबईला जाऊन विकतो म्हणाल तर वांद्र्याच्या भारत डायमंड बोर्समध्ये तुम्हाला ओळखीशिवाय आत घेणारच नाहीत. ते व्यापाऱ्यांचं ठिकाण आहे.

कुठंही नेण्याआधी घरी एक काम करा. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब टाकून अंगठी पंधरा मिनिटं बुडवा, मग जुन्या मऊ टूथब्रशनं हिऱ्याची मागची बाजू हलक्या हातानं घासा. हिऱ्याला तेल-तूप चटकन धरतं; खाणीतला माल वेगळा करायला पूर्वी ग्रीस लावलेले पाट वापरायचे ते याच गुणामुळे. हँडक्रीमचा थर मागं बसला की भारी हिरासुद्धा फटफटीत दिसतो, आणि बघणारा तोंडानं काही बोलला नाही तरी मनात भाव खाली आणतो. बेसिनची जाळी मात्र आधी बंद करा.

दुकानात दहापटीचं भिंग मागून घ्या आणि गर्डल, म्हणजे हिऱ्याची कड, बघा. जीआयएच्या छोट्या डॉसिए रिपोर्टमध्ये दोषांचा नकाशा नसतो, पण नंबर या कडेवर लेझरनं कोरलेला असतो. अंगठी हळूहळू फिरवा. अक्षरं केसाहून बारीक, करडी दिसतात. पूर्ण फिरवूनही सापडली नाहीत तर बहुधा हिरा धरून ठेवणाऱ्या एखाद्या पंजाखाली झाकली गेली आहेत, घाबरू नका. खडा काढल्यावर दिसतील. त्याच वेळी पंजाजवळची कड शाबूत आहे का तेही बघून ठेवा. टवका असेल तर भाव पडतो, आणि तो आधीचा होता की काढताना उडाला हा वाद नंतर मिटत नाही. म्हणून खडा काढणं, वजन करणं, नंबर जुळवणं हे सगळं तुमच्या डोळ्यांसमोर. “कारागीर मागच्या गल्लीत बसतो, पाठवून आणतो” असं म्हटलं तर तुम्हीही त्या गल्लीत जा.

मशिनवर टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, बघतानाही एक गोष्ट. पांढऱ्या सोन्यावर रोडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा असतो आणि ते मशिन फक्त वरचा थर वाचतं. तुमची अंगठी ७५ टक्क्यांच्या बरीच खाली दाखवली तर आतल्या बाजूला थोडं घासून पुन्हा लावायला सांगा. आत हॉलमार्क बहुधा असेल. तुमचा २०१९ चा, म्हणजे जुना, चार खुणांचा: बीआयएसचा त्रिकोण, १८के७५०, तपासणी केंद्राची खूण आणि दुकानाची खूण. सहा अक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा वेगळा नंबर, नाही म्हणून काही जण भाव पाडायला बघतात. एचयूआयडीची सक्ती १ एप्रिल २०२३ पासून दुकानदारानं विकायच्या मालाला आली. घरातल्या जुन्या हॉलमार्कच्या दागिन्याला त्यामुळे काही कमीपणा येत नाही. रोडियम उडून अंगठी पिवळट दिसत असेल तरी भावात काही फरक पडायचं कारण नाही.

हिरा तपासायच्या टेस्टर पेनचं कौतुक मात्र कुणाचं ऐकू नका. ते पेन उष्णता किती झटकन पसरते एवढंच सांगतं. प्रयोगशाळेतला हिरा हाही कार्बनच, त्यामुळे तोही पास होतो. साध्या पेनवर मोइसानाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा दुसरा खडासुद्धा पास होतो. पेन वाजलं म्हणून खाणीतला ठरत नाही आणि वाजलं नाही म्हणून लगेच खोटा ठरवू नका, बॅटरी उतरलेली असते. तुमच्याकडे रिपोर्ट आहे आणि कडेवर नंबर आहे, त्यापुढं पेनला विचारतो कोण.

हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या बिलावर ‘एलजीडी’, ‘सीव्हीडी’ किंवा ‘लॅब ग्रोन’, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा, असं आहे त्यांच्यासाठी दोनच ओळी. तुमचा हिरा खोटा नाही, पण रोख विकायला गेलात तर सोन्याचेच पैसे येतील असं धरून चाला. डी बिअर्ससारख्या कंपनीनं २०१८ मध्ये लाइटबॉक्स नावानं कॅरेटला ८०० डॉलरला असे हिरे विकायला काढले आणि २०२५ मध्ये तो ब्रँड बंद करायचं जाहीर केलं. एवढे भाव कोसळले. दुकान बदलून देत असेल तर घ्या, नाहीतर खुशाल घाला.

प्लॅटिनमची अंगठी असेल तर वेगळीच अडचण. सोनं १०६४ अंशांना वितळतं, प्लॅटिनमला १७६८ लागतात. गुजरीतल्या नेहमीच्या भट्टीवर ते होत नाही, म्हणून इथं कुणी घेतलंच तर भरपूर कापून घेतो. ती विकत घेतलेल्या दुकानाकडेच परत न्यावी.

आता राजारामपुरीच्या ७८ हजारांचं. तुम्हाला पेंडंट नकोय, साज पाहिजे, तरी मोह पडलाच असेल. त्या पेंडंटचं अंदाजपत्रक मागून घ्या. समजा ६ ग्रॅम १८ कॅरेट सोनं ५४,०००, घडणावळ २५ टक्के १३,५००, बारीक हिरे ०.८० कॅरेट ८८,०००. जीएसटीसकट १ लाख ६० हजार. त्यातून ७८ गेले, तुम्ही वर ८२ हजार भरणार. आता तसंच पेंडंट बाहेर घडणावळ १५ टक्के आणि हिरे ६० हजारांत मिळालं तर जीएसटीसकट १ लाख २५,७०० ला पडतं. त्यातून गुजरीचे ५२ गेले तर वर ७४ हजारही लागत नाहीत. म्हणजे जास्त भाव देणाऱ्याकडेच आठ हजार जास्त गेले. बदलीत जुन्याचा भाव फुगवणं सोपं असतं, कारण तो नव्याच्या हिऱ्यात आणि घडणावळीत वसूल होतो. जीएसटीही बदलीच्या फरकावर लागत नाही, नव्या दागिन्याच्या पूर्ण किमतीवर लागतो. तेव्हा नव्याचा भाव आधी ठरवा, लेखी घ्या, आणि जुनी अंगठी नंतर काढा. अंगठी आधी दाखवलीत की खेळ त्यांच्या हातात.

मला विचाराल तर अजून एक मार्ग आहे आणि मला तोच जास्त पटतो. मुंबईचं दुकान नीट पैसे देत नसेल तर हिरा विकू नका. अंगठीचं सोनं मोडा, साडेपस्तीस हजार साजात घाला, आणि मधला हिरा काढून ठेवा. ग्लोव्हजच्या आत अंगठी टोचते, पण गळ्यात किंवा कानात तोच हिरा रोज वापरता येतो. एका खड्याच्या साध्या पेंडंटला सोनं फारसं लागत नाही आणि गुजरीतले कारागीर ते दोन-तीन दिवसांत बसवून देतात. चाळीस हजारांना धडपडून विकलेला हिरा उद्या पुन्हा घ्यायला गेलात तर दुकानात त्याचे किती पडतील ते एकदा विचारून बघा, मग ठरवा. बारके सोळा त्यातच एखाद्या नाजूक घेरात बसवायला सांगा, मजुरी वाढत असेल तर सोडून द्या.

साज घेताना एक लक्षात असू द्या. मण्यांत आणि पानांत लाख भरलेली असते. एकूण वजनावर भाव लावला तर लाखेचेही सोन्याच्या भावानं पैसे देऊन बसाल. लाख वजा जाता निव्वळ सोनं किती, ते ग्रॅममध्ये बिलावर लिहून घ्या. पुढं कधी मोडायची वेळ आलीच तर तोच आकडा कामाला येतो.

विकायला जाताना वहिनींना बरोबर घेऊन जा. साखरपुड्याची अंगठी त्यांचं स्त्रीधन, सही त्यांची पाहिजे, आणि खरेदी पावतीही त्यांच्या नावानं निघाली पाहिजे. लग्न मोडून अंगठी विकायला येणाऱ्यांना मी आधी दोन्ही घरांचं बोलणं झालंय का ते विचारतो. त्या भांडणात सराफाला कुणी ओढू नये. आधार आणि पॅन जवळ ठेवा. घरगुती माणसानं जुना दागिना सराफाला विकला तर त्याच्यावर जीएसटी लागत नाही, तसं कुणी कापत असेल तर कापू देऊ नका. आयकराचं म्हणाल तर दोन वर्षांहून जुना दागिना, त्यावर नफा झाला तर कर. अख्खी अंगठी विकली तर तुमचा १ लाख २४ हजारांचा माल त्याच्या निम्म्या-पाऊण किमतीत जातोय, नफाच नाही. तरी जुनं बिल फाडू नका. पैसे खात्यावर घ्या. दहा हजारांच्या वर रोख मोजायला सराफालाही हिशेबात अडचण येते, आणि “आत्ता थोडे घ्या, बाकी मंगळवारी” असं असेल तर अंगठीही मंगळवारीच द्या.